मोडक्या भिंतींतला नाताळ : 'नेटिव्हिटी!' पाहिल्यानंतर

(युवा शिबिरात 'नेटिव्हिटी!' हा चित्रपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चित्रपट संपल्या संपल्या भाषण ऐकायला लावणे हा थोडा अन्यायच आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात अजून त्या पोरांची गाणी वाजत असणार. पण वेळापत्रकात तसे ठरले आहे, तेव्हा सहन करा. मध्येच कोणाला काही विचारायचे असेल तर हात वर करा, मी थांबेन.

आधी सकाळपासून चाललेल्या एका कुजबुजीबद्दल बोलते. दुपारी नाताळवरचा चित्रपट दाखवणार हे कळल्यावर दोघातिघांनी विचारले, "हाच का? आपले विषय संपले का?" प्रश्न रास्त आहे आणि तो मनात न ठेवता विचारला हेही चांगले झाले. दर डिसेंबरला आपल्या सगळ्यांच्या फोनवर दोन तऱ्हेचे निरोप येतात. पहिल्यात लिहिलेले असते की 'मेरी ख्रिसमस' म्हटले तरी ईमान गेले. दुसऱ्यात लिहिलेले असते की मुसलमान कोणाच्याच आनंदात सामील होत नाहीत, बघा यांचे कसे आहे ते. दोन्ही निरोप पाठवणारे एकमेकांचे कट्टर विरोधक, पण आपल्याकडून त्यांची अपेक्षा एकच : विचार करू नका, पुढे ढकला. आज आपण पुढे न ढकलता थांबणार आहोत. चित्रपटात काय चांगले आहे, काय कच्चे आहे, आणि त्यातले काय आपल्या उपयोगाचे आहे, एवढे बघू.

चित्रपट कोणाचा, कुठला

'नेटिव्हिटी!' हा २००९ सालचा इंग्लंडमधला चित्रपट. लेखन-दिग्दर्शन डेबी इसिट यांचे. घटना घडते कॉव्हेंट्री शहरात, आणि चित्रीकरणही तिथलेच. 'नेटिव्हिटी' म्हणजे जन्म, इथे येशूचा जन्म. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत डिसेंबरमध्ये मुले या जन्मकथेचे छोटे नाटक करतात. आपल्याकडे स्नेहसंमेलनाचे जे स्थान, साधारण तेच तिथे या नाटकाचे. कोणाला मरियम करायचे, कोणाला देवदूत करायचे यावरून वर्गात रुसवेफुगवे, घरात चादरींचे झगे शिवणे आणि पहिल्या रांगेत बसून रडणारे आईबाप, हे सगळे तिथेही असते.

हॉलिवूडच्या मापाने हा अगदी थोड्या पैशांत बनलेला चित्रपट आहे. मोठे सेट नाहीत, करामती नाहीत. मॅडन्स सरांचे काम करणारा मार्टिन फ्रीमन आज तुम्हाला 'शेरलॉक'मधला वॉटसन किंवा 'हॉबिट'मधला बिल्बो म्हणून माहीत आहे, पण हा चित्रपट त्या दोन्हींच्या आधीचा. इसिट यांची पद्धतही वेगळी आहे. संवाद लिहून पाठ करून घेण्यापेक्षा प्रसंग समजावून सांगायचा आणि नटांना तो आपल्या शब्दांत उभा करू द्यायचा. २००६ च्या 'कॉन्फेटी' या चित्रपटातही त्यांनी हेच केले होते आणि त्यातही फ्रीमन होता. इथे मात्र ही पद्धत त्यांनी लहान मुलांवर वापरली. मुलांच्या हातात संहिताच दिली नाही.

चित्रपट इंग्लंडमध्ये चांगला चालला. पुढे त्याचे आणखी तीन भाग निघाले, २०१७ मध्ये बर्मिंगहॅमला त्याचे संगीत नाटकही रंगमंचावर आले. म्हणजे समीक्षकांनी नाके मुरडली तरी घरोघरी लोकांनी तो आपला मानला.

मुलांना अभिनय येत नाही, हेच बरे

पहिली जमेची बाजू मुले. मॅडन्स सर भूमिकांसाठी चाचणी घेतात तो भाग आठवा. एक मूल पुढे येते, काहीतरी करून दाखवते. काहीतरी म्हणजे खरोखर काहीतरी, ज्याला नाव देता येणार नाही असे. आपण हसतो, पण त्या मुलाला हसत नाही, हा फरक फार नाजूक आहे आणि चित्रपटाने तो सांभाळला आहे. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांतली बरीच मुले मोठ्या माणसाने लिहिलेले शहाणपण पोपटासारखी बोलतात. या चित्रपटातली मुले अडखळतात, एकाच वेळी बोलतात, भलतीकडे बघतात. कॅमेराही त्यांच्या मागे धावताना हलतो. हा पैशांचा तुटवडा असेल, पण त्या तुटवड्यातूनच चित्रपटाला खरेपणा आला आहे.

यामागे शिक्षणाविषयीचा एक विचार आहे. मॅडन्स सर सुरुवातीला मुलांना बजावतात ते साधारण असे, की तुमच्यात विशेष काही नाही, तेव्हा फार उड्या मारू नका. ते दुष्ट नाहीत. ते थकलेले आहेत. त्यांना नट व्हायचे होते ते जमले नाही, जिच्यावर प्रेम केले ती जेनिफर त्यांना सोडून हॉलिवूडला गेली, आणि तीही नाताळच्याच दिवसांत. स्वतःचे पंख कापले गेलेला माणूस समोरच्यांना जमिनीवरच राहायला शिकवतो. असे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळांत तर जरा जास्तच. "शिकून काय होणार आहे तुमचे?" हे वाक्य वर्गात किती सहज म्हटले जाते! म्हणणाऱ्याला वाटते की तो मुलांना पुढच्या निराशेतून वाचवतो आहे. मूल मात्र ती निराशा आजच घरी घेऊन जाते.

आणि समोर पॉपी. वर्गातला मदतनीस, मुख्याध्यापिकेचा भाचा, म्हणजे वशिल्याने लागलेला. अक्कल मुलांइतकीच. तो मुलांना प्रत्येक गोष्टीला होच म्हणतो. चित्रपट म्हणतो की शाळेला मॅडन्सची शिस्त आणि पॉपीचा उत्साह दोन्ही लागतात. एवढे मला मान्य आहे. पॉपीचे बाकीचे पराक्रम मान्य नाहीत. त्यावर पुढे येते.

दोन शाळा, पाच तारे

दुसरी जमेची बाजू म्हणजे वर्गभेदाकडे पाहण्याची नजर. सेंट बर्नाडेट ही साधी कॅथलिक प्राथमिक शाळा. ओकमूर ही फी घेणारी खासगी शाळा. तिथले नाटक बसवणारे गॉर्डन शेक्सपिअर मॅडन्सचे जुने सहाध्यायी. ओकमूरकडे पैसा, पोशाख, प्रकाशयोजना. तरीही त्यांचा प्रयोग थंड वाटतो. मुले तिथे शोभेच्या वस्तूंसारखी वापरली जातात. त्यांचे नाटक हेरोद राजाभोवती फिरते हाही चांगला टोला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात हेरोद हा आपले सिंहासन जाईल या भीतीने बेथलेहेममधल्या बाळांची कत्तल करवणारा राजा. जन्माच्या गोष्टीतून जन्मच बाजूला पडला आणि सत्ता मध्यभागी आली, तरी स्थानिक वर्तमानपत्राचा समीक्षक खूश.

हा समीक्षक प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या नाटकांना तारे वाटत फिरतो. हसू येते, पण हसण्यावारी नेऊ नका. मुलांना तारे, शाळांना क्रमांक, रस्त्याच्या कडेला टक्केवारीसह फोटोंचे फलक, हे आपल्याकडेही आहेच. ज्या पोराचा फोटो फलकावर नाही त्याने त्या रस्त्याने रोज जायचे कसे, याचा विचार फलक लावणारा करत नाही.

मात्र इथेच चित्रपट एक सोपी वाट पकडतो. गरीब शाळेतली मुले निर्मळ आणि श्रीमंत शाळेतला मास्तर खलनायक, अशी सरळ वाटणी होते. ओकमूरची मुलेही मुलेच आहेत. त्यांच्यावर कोणी ओरडत असेल, त्यांना कोणी वापरत असेल, तर आपल्याला त्यांचीही काळजी वाटायला हवी होती. चित्रपटाकडे त्यांच्यासाठी वेळ नाही. आपणही असेच करतो. कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्या मुलाला 'बडे बाप का' म्हणून बाजूला टाकतो. गरिबीचा अभिमान आणि गरिबीचे राजकारण यांत अंतर आहे, ते लक्षात ठेवा.

जागेचा अर्थ

आता चित्रपटातल्या सर्वांत बोलक्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे शेवटच्या नाटकाची जागा. छप्पर नसलेल्या, उंच दगडी भिंतींच्या आवारात मुले नाचतात, गातात. हे कॉव्हेंट्रीच्या जुन्या कॅथीड्रलचे अवशेष आहेत.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर तासन्‌तास बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसे मेली, शहराचा मध्यभाग जळून गेला आणि हे मध्ययुगीन चर्चही. उरल्या फक्त बाहेरच्या भिंती आणि मनोरा. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने नाताळ आला. चर्चचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड त्या पडझडीतून बीबीसीच्या रेडिओवर बोलले. शहरातली ढिगाऱ्यांची रास अजून हललेली नव्हती, युद्ध चालू होते, आणि ते काय बोलले? कितीही कठीण वाटले तरी सूडाचा विचार मनातून काढून टाकायचा प्रयत्न करू, आणि युद्ध संपल्यावर अधिक दयाळू जग उभारू, अशा अर्थाचे ते बोलले. पुढे तिथल्या वेदीमागच्या भिंतीवर क्षमा मागणारे दोनच शब्द कोरले गेले. पित्या, क्षमा कर. 'त्यांना' हा शब्द त्यात नाही, आणि तो मुद्दाम नाही. क्षमेची गरज फक्त शत्रूलाच आहे असे समजू नका, असा त्याचा अर्थ. जळलेल्या छपराच्या जुन्या खिळ्यांचा क्रूस केला गेला. ब्रिटिश विमानांनी बेचिराख केलेल्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराशी कॉव्हेंट्रीने मैत्रीचे नाते जोडले. नवे कॅथीड्रल शेजारीच उभे राहिले, १९६२ साली. पण जुन्या भिंती पाडल्या नाहीत आणि पुन्हा बांधल्याही नाहीत. जखम दिसू दिली आणि तिच्या अंगणात लोकांना येऊ दिले.

चित्रपट यातले काहीच सांगत नाही. कॉव्हेंट्रीच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. पण आपण माहिती घेऊन तो शेवट पुन्हा पाहिला तर त्याचे वजन बदलते. जिथे बॉम्ब पडले तिथे सात-आठ वर्षांची पोरे एका बाळाच्या जन्माची गोष्ट सांगत आहेत. पैसा टाकून इतका अर्थवाही सेट कोणालाही उभा करता आला नसता.

पाडलेल्या भिंतींचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या देशातही आहे आणि तुमच्या पिढीच्या वाट्याला तो पुन्हा पुन्हा येणार आहे. मी उत्तर देत नाही. कॉव्हेंट्रीने एक उत्तर दिले, एवढेच नोंदवते. आणि तेही सांगायला हवे की ते उत्तर ज्यांचे घर जळले होते त्यांनी स्वतः दिले होते. दुसऱ्याने येऊन त्यांना क्षमा शिकवली नव्हती.

खोटे, आणि त्याचे बिल कोणाच्या नावावर

आता कच्च्या बाजू. सगळी कथा एका थापेवर उभी आहे. ओकमूरच्या मास्तरसमोर आपली इज्जत राखायला मॅडन्स फुशारकी मारतो की आमच्या नाटकावर हॉलिवूड चित्रपट काढणार आहे, जेनिफर येणार आहे. पॉपी ते ऐकतो आणि मुलांना सांगून टाकतो. मग आईबाप, वर्तमानपत्र, महापौर, सगळे शहर त्यात ओढले जाते. इथवर चित्रपट उत्तम चालतो. खोटे पसरते कसे याचे हे नेमके चित्रण आहे. एकाने फुशारकीत म्हटले, दुसऱ्याने भोळेपणाने सांगितले, तिसऱ्याला ते खरे असावे असे वाटत होते म्हणून त्याने मानले. आपल्या व्हॉट्सॲप गटांत याहून वेगळे काही घडत नाही.

पण या खोट्याचा हिशेब शेवटी चित्रपट नीट करत नाही. मॅडन्सला लाज वाटते, खोटे उघडे पडते, आरडाओरडा होतो. मग प्रयोग रंगतो, जेनिफर परत येते, सगळे गाऊ लागतात आणि हिशेब गाण्यात बुडतो. ज्या मुलांना महिनाभर खोट्या आशेवर झुलवले त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून "मी खोटे बोललो, त्यात तुमची चूक नव्हती" असे तो शांतपणे सांगतो आहे, असा एक प्रसंग तिथे हवा होता. त्याला पैसे लागत नाहीत. एक खोली, एक शिक्षक, वीस मुले, पाच मिनिटे. कमी पैशांत बनलेल्या चित्रपटाला कमी पैशांतच करता येण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट सुटली.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मॅडन्स जेनिफरला शोधायला अमेरिकेला जातो तेव्हा पॉपीबरोबर मुलेही असतात, आणि शाळेला पत्ता नसतो. चित्रपट हे गंमत म्हणून दाखवतो. तुमच्यातले कित्येक जण अभ्यासिकेत शिकवतात, मुलांना सहलीला नेतात, मोहल्ल्यात खेळ घेतात, म्हणून मुद्दाम सांगते : पालकांच्या परवानगीशिवाय कोणाचेही मूल कुठेही न्यायचे नाही. हेतू कितीही चांगला असो, माणूस कितीही लाघवी असो. "तो किती गोड आहे, मुले त्याच्यावर किती जीव टाकतात" हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. पॉपीसारखा माणूस पडद्यावर शोभतो, शाळेत त्याच्यावर नियम लागतात.

तिसरे म्हणजे बायका. जेनिफर हॉलिवूडला गेली ती स्वतःचे काही करायला. तिथे ती निर्माती झालेली नाही, कचेरीत दुसऱ्याच्या हाताखाली काम करते. या बाईच्या मनात काय चालले असेल? गावात सगळ्यांना ती यशस्वी वाटते आणि ती परदेशात एकटी, अर्धवट स्वप्न घेऊन बसली आहे. यावर अख्खा चित्रपट होईल. इथे मात्र ती नायकाला शेवटी मिळणारे बक्षीस आहे. आखातात गेलेल्या आपल्या भावांच्या, चुलत्यांच्या घरी ज्यांनी "सगळे ठीक आहे" असे फोन ऐकले आहेत, त्यांना जेनिफर माझ्याइतकीच जवळची वाटली असेल. तिच्याकडे चित्रपटाने अधिक बघायला हवे होते. अमेरिकेचा तो सगळा भागच विस्कळीत आहे. कॉव्हेंट्रीच्या वर्गातून बाहेर पडला की चित्रपटाचा श्वास तुटतो.

आणि चौथे. वर्गात वेगवेगळ्या वंशांची मुले दिसतात. दिसतात, पण त्यांच्या घरी काय चालते ते कळत नाही. कॉव्हेंट्रीत पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी, गुजराती कुटुंबे कित्येक दशके राहतात. अशा घरातले मूल शाळेत मेंढपाळ होते तेव्हा घरी आई काय म्हणते? आजोबा काय विचारतात? खरी गंमत आणि खरी ओढाताण तिथे आहे. चित्रपटाने मुले घेतली, त्यांचे प्रश्न घेतले नाहीत.

आपली मरियम

ते प्रश्न आपण घेऊ. येशूच्या जन्माची गोष्ट आपल्याला परकी आहे का? कुरआनमध्ये नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच, ती मरियम. एकोणिसाव्या सूरेला तिचे नाव आहे. तिथली जन्मकथा या नाटकापेक्षा वेगळी आहे. गोठा नाही, योसेफ नाही, मेंढपाळ नाहीत. एकटी बाई लोकांपासून दूर जाते, वेणा असह्य होऊन खजुराच्या बुंध्याशी येते, मेले असते तर बरे झाले असते असे तिला वाटते. तेव्हा तिला धीर दिला जातो, पायाशी पाणी वाहते, झाडावरून ताजे खजूर पडतात. ती बाळ घेऊन परतते, लोक तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात, आणि पाळण्यातले बाळ तिच्या बाजूने बोलते. बदनामी झालेल्या बाईच्या बाजूने उभे राहा, हा या कथेतला धडा आपण किती वेळा सांगतो?

सीरतच्या ग्रंथांत येते की मक्केतला छळ असह्य झाल्यावर काही मुसलमान हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात, आश्रयाला गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती. त्याने विचारले, तुमच्या पैगंबरांनी काय आणले आहे? तेव्हा जाफर बिन अबी तालिब यांनी त्याला सूरे मरियमचा भाग ऐकवला. राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि आश्रय मिळाला. म्हणजे मरियमच्या कथेने मुसलमानांना पहिला परका आसरा मिळवून दिला.

आणि हा जन्मदेखावा उभा करण्याची प्रथा बघा. ती ज्यांच्या नावाशी जोडली जाते त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत जनावरांसह गव्हाणी मांडली. त्याआधी चार वर्षे, १२१९ मध्ये, क्रुसेडची लढाई चालू असताना हेच फ्रान्सिस इजिप्तमध्ये सुलतान मलिक अल-कामिल यांना भेटायला गेले होते. सुलतानाने त्यांचे ऐकून घेतले आणि सुखरूप परत पाठवले. दोघांपैकी कोणीही धर्म बदलला नाही. भेट मात्र झाली.

हे मी 'सगळे धर्म सारखेच' म्हणण्यासाठी सांगत नाही. सारखे नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेत येशू देवाचा पुत्र आहे, आपल्या श्रद्धेत हजरत ईसा पैगंबर आहेत. हा फरक मोठा आहे आणि तो लपवून केलेली मैत्री पहिल्या भांडणात मोडते. फरक माहीत असूनही शेजाऱ्याला शुभेच्छा देता येतात. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि इथलाच झाला. वसईतली मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसे त्याच शब्दाने आपला सण ओळखतात. त्यांच्या गव्हाणीच्या देखाव्यासमोर उभे राहून "आमच्याकडे ही गोष्ट अशी सांगतात" एवढे म्हटले, तर कोणाचे काय जाईल?

अलीकडे तर या शुभेच्छेला निराळेच महत्त्व आले आहे. नाताळच्या कार्यक्रमांत घुसून गोंधळ घालणे, शाळेत सांताक्लॉजची टोपी का घातली म्हणून धमकावणे, अशा बातम्या दर वर्षी येतात. आपल्या नमाजावर, आपल्या टोपीवर कोणी बोलले की आपण संविधान काढतो. ते काढायलाच हवे. पण ख्रिस्ती शेजाऱ्याच्या कॅरोलवर कोणी चालून गेले तेव्हाही ते आपल्या हातात दिसले पाहिजे.

आणि संविधान काढलेच आहे तर अनुच्छेद २८ चे तिसरे कलम वाचा. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. संमती लागते, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची. इंग्लंडमध्येही शाळेतल्या सामूहिक उपासनेतून आपले मूल काढून घेण्याचा पालकांना कायद्याने हक्क आहे. म्हणजे नाटकात मेंढपाळ व्हायचे की नाही, हे त्या मुलाने आणि त्याच्या घराने ठरवायचे. "व्हायलाच हवे" म्हणणारा आणि "होऊच शकत नाही" म्हणणारा, दोघेही त्या मुलाला विचारत नाहीत. आपली चळवळ विचारण्याच्या बाजूची आहे.

शेवटी, कामाचे

हा चित्रपट थोर नाही. पटकथा मध्ये सैल पडते, पॉपी कधी कधी कानठळ्या बसवतो, शेवट गोड करण्याच्या घाईत नैतिक प्रश्न मागे पडतात. पण त्यात माया आहे, आपले गाव ओळखणारी नजर आहे आणि ज्यांना 'तुमच्यात काही विशेष नाही' असे सांगितले गेले त्यांना मंचावर आणण्याचा हट्ट आहे. तेवढ्यासाठी मी तो पुन्हा दाखवीन, आणि दर वेळी त्या अमेरिकेच्या प्रसंगानंतर थांबवून भांडेन.

कमी पैशांत काय होते हे बघायला कॉव्हेंट्रीला जायची गरज नाही. मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागाच्या गावात साध्या कॅमेऱ्यावर लोकांनी स्वतःला पडद्यावर आणले. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट मिळाला तर बघा. आज तुमच्या खिशातल्या फोनचा कॅमेरा त्यांच्याकडच्या साधनांपेक्षा चांगला आहे. कमी आहे ती गोष्ट सांगण्याची हिंमत.

म्हणून चर्चेसाठी चार गट करा आणि एकच प्रश्न घ्या. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या संमेलनात कोणते मूल दर वर्षी मागच्या रांगेत उभे असते, आणि त्याला पुढे आणायचे तर आपण, या खोलीतल्या माणसांनी, येत्या वर्षात काय करायचे? भाषणे नकोत. नाव न घेता त्या मुलाविषयी सांगा आणि करण्यासारखी एक गोष्ट लिहा. पैसे लागणार असतील तर किती, तेही लिहा. बहुतेक फारसे लागणार नाहीत.

चहा तयार आहे.